भात्याला नवं कापड

नाट्यसंगीताच्या साथीचा ऑर्गन आपल्या कानात इतका मुरलेला आहे की तो कुठून आला, हे सहसा कुणी विचारत नाही. तो आला आपण आज राहतो त्या मुलखातून. मेसन अँड हॅम्लिन ही ऑर्गन बनवणारी कंपनी १८५४ साली बोस्टनमध्ये सुरू झाली. इथून दोन-अडीच तासांवर, व्हरमाँटमधल्या ब्रॅटलबरो गावी, एस्टी कंपनीने पाच लाखांहून जास्त ऑर्गन घडवले. चर्चसाठी आणि घरोघरच्या दिवाणखान्यांसाठी बनलेलं हे वाद्य महाराष्ट्रात पोचलं आणि गंधर्व नाटक मंडळीत कादरबक्षांची सारंगी, थिरकवाखाँसाहेबांचा तबला यांच्या जोडीला हरिभाऊ देशपांडे यांच्या हाताखाली वाजू लागलं. इकडे पियानो आला, रेडिओ आला, आणि घरोघरचे ऑर्गन माळ्यावर गेले. एस्टीचा कारखाना १९६० मध्ये बंद पडला. तोवर तिकडे मराठी गायकाला ऑर्गनशिवाय पद रंगेना झालं होतं.

आपल्या मंडळात हा सगळा इतिहास ज्यांच्यामुळे माहीत झाला, ते काका या वर्षी गेले. स्मरणिकेत नाव छापायचं नाही, अशी काकूंची अट आहे, आणि ती काकांच्या स्वभावाला धरूनच आहे. कार्यक्रमपत्रिकेत ‘ऑर्गन दुरुस्ती’ म्हणून नाव घालू का, असं विचारलं की ते लगेच विषय बदलत. मुलं त्यांना पेटीकाका म्हणायची. तेवढं इथे पुरेसं आहे.

काका पेशाने नेटवर्क इंजिनियर. बोस्टनशेजारच्या ज्या केंब्रिजमध्ये १९६९ साली इंटरनेटच्या पूर्वज अर्पानेटची पहिली जोडयंत्रं तयार झाली, त्याच परिसरात त्यांची नोकरीची वर्षं गेली. राऊटर बंद पडला की रात्री-अपरात्री फोन यायचा, आणि काका स्वेटर चढवून निघायचे. उरलेल्या वेळात त्यांनी काय केलं नाही? हॅम रेडिओचा परवाना काढला आणि मोर्सवर जगभरच्या अनोळखी माणसांशी गप्पा मारल्या. घरच्या जुन्या कागदांसाठी मोडी शिकले. कुंड्यांत अळू लावायचे, थंडी पडायच्या आत कुंड्या तळघरात न्यायचे, आणि गणपतीच्या जेवणात अळूचं फदफदं त्यांच्याच कुंडीतलं असायचं. लंबकाची घड्याळं दुरुस्त करायचे. लोकांना वाटायचं, काका एकातून दुसऱ्यात उड्या मारतात. मला तसं कधी वाटलं नाही. या सगळ्यात त्यांना एकाच गोष्टीची ओढ होती: जे बंद पडलंय ते उघडून पाहायचं, कुठे अडलंय ते शोधायचं, आणि पुन्हा चालू करून ज्याचं त्याला देऊन टाकायचं.

ऑर्गन त्यांना एका चर्चच्या तळघरात मिळाला. न्यायला कोणी आलं तर बरं, अशा अवस्थेतला. पट्ट्या दाबल्या तर आवाज नाही, पायटे हलवले तर नुसती धूळ. इथे थोडं वाद्याबद्दल सांगायला हवं. आपली हातपेटी वारा आत भरून तो सुरांवर ढकलते. अमेरिकी पायपेटीचं उलट आहे. पायट्यांनी भात्यातली हवा उपसली जाते, आत पोकळी तयार होते, आणि बाहेरची हवा सुरांमधून आत ओढली जाते. म्हणून तिचा आवाज भरीव तरी मऊ येतो आणि गायकाच्या आवाजावर चढून बसत नाही. शिवाय दोन्ही हात मोकळे राहतात. उजवा पदाच्या मागे जातो, डावा खर्जाची भर घालतो.

भाता बाहेर काढला तेव्हा त्याचं रबरी कापड हात लावताच तुटत होतं. काकांनी ते सगळं खरवडलं, लाकूड घासलं, नवं कापड बेतून सरसाने चिकटवलं. मग सूर. पाच सप्तकांच्या ६१ पट्ट्या, सुरांचे दोन संच, म्हणजे १२२ पितळी सूर. प्रत्येक सूर आकड्याने ओढून काढायचा, पुसायचा, आणि नेमका त्याच खोबणीत परत बसवायचा. काकांनी प्रत्येकाला क्रमांक दिला आणि नोकरीतल्या सवयीने वही ठेवली: तारीख, खोलीतली आर्द्रता, कोणता सूर, काय बिघाड, काय केलं. इथल्या हिवाळ्यात हीटर सुरू झाला की लाकूड आकसतं आणि वारा गळतो. जुलैत पट्ट्या फुगून अडकतात. वहीत हे ऋतुमान वर्षानुवर्षं नोंदलेलं आहे.

सूर लावताना त्यांची खरी कसोटी लागली. सुराची जीभ टोकाला खरवडली तर स्वर चढतो, बुडाशी खरवडली तर उतरतो, आणि काढलेलं पितळ परत लावता येत नाही. पण कुठवर चढवायचं? पाश्चात्त्य वाद्यांच्या समान विभागणीत शुद्ध गंधार तंबोऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो. हे दुखणं जुनंच आहे. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिलं ते अचूक स्वरांच्या ध्यासातून, आणि आकाशवाणीने १९४० पासून तीस वर्षं पेटीला दारं बंद ठेवली त्यामागेही हाच आक्षेप होता. काकांनी दोन्ही बाजू वाचल्या होत्या. शेवटी त्यांनी ऑर्गन समान विभागणीतच ठेवला, कारण एकाच संध्याकाळी कुणी काळी एकमध्ये गातं तर कुणी पांढरी चारमध्ये. ‘गंधारावर रेंगाळायचं काम गायकाचं, ऑर्गनने तिथून हलकेच निघून जायचं,’ असं ते मुलांना सांगत. साथीबद्दल इतकं नेमकं वाक्य मी दुसऱ्या कुणाकडून ऐकलेलं नाही.

२०२० मध्ये सगळे घरात अडकले तेव्हा पुण्यातल्या गायिकेला इथून ऑर्गनची साथ द्यावी, असा प्रस्ताव आला. काकांनी कागदावर हिशेब मांडला. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. पुणं इथून बारा हजार किलोमीटरांहून लांब. म्हणजे स्वर तिथे पोचायलाच किमान ६० मिलिसेकंद, आणि केबलची वळणं धरली तर त्याहून बरेच जास्त. एकत्र वाजवणाऱ्यांना साधारण २५ मिलिसेकंदांपलीकडचा उशीर सोसत नाही, लय मागे ओढली जाते. ‘इथे पैसे खर्चून उपयोग नाही,’ त्यांनी शांतपणे सांगितलं. पण ते तिथे थांबले नाहीत. आपल्याच राज्यातल्या घरांमधलं अंतर या मर्यादेत बसतं, हे त्यांनी ओळखलं. स्टॅनफर्डच्या संगीत केंद्रात तयार झालेली जॅकट्रिप ही प्रणाली त्यांनी घरोघरी बसवून दिली, वायफाय काढून तारा जोडायला लावल्या, आणि त्या हिवाळ्यात आपल्या तबलजींनी आणि गायकांनी आपापल्या घरी बसून एकत्र रियाझ केला. ‘मानापमान’मधल्या पदांची तयारी अशीच झाली. हे नाटक १९११ सालचं, संगीत गोविंदराव टेंब्यांचं. ते स्वतःच नामवंत पेटीवादक, त्यामुळे काकांचा त्या पदांवर विशेष जीव.

स्वतः काका वाजवायचे बेताचं. मंचावर ते क्वचितच बसले. गोविंदराव पटवर्धनांची ध्वनिमुद्रणं मंद गतीने लावून डावा हात कुठे काय करतो ते उतरवून घ्यायचे आणि मुलांसमोर ठेवायचे. मुलं इथे जन्मलेली, शाळेत पियानो शिकलेली. बोटं तयार, पण गायक श्वास घेतो तिथे थांबायचं असतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. काका त्यांना आधी पद म्हणायला लावत, शब्दांचा अर्थ सांगत, मगच पट्टीला हात लावू देत.

परदेशात कला जपली म्हणून आपण गायकांना शाल-श्रीफळ देतो, आणि ते योग्यच आहे. पण आपल्या रंगमंचामागे हातात स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसलेल्या या माणसाशिवाय गाण्याच्या त्या संध्याकाळी झाल्याच नसत्या. मंडळाच्या चाळीस पानी स्मरणिकेत अशा कामाला आजवर एक ओळ मिळाली नव्हती, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

काकूंनी ऑर्गन मंडळाला दिला आहे. वहीची पानं स्कॅन करून ठेवली आहेत. काकांच्या शेवटच्या नोंदीप्रमाणे मधल्या सप्तकाचा कोमल निषाद दुसऱ्या संचात अजून फुसफुसतो, आणि उजव्या पायट्याचा पट्टा बदलायचा आहे. त्यांच्याकडे शिकलेल्या दोघी मुलींनी हे काम हाती घेतलं आहे. त्यांना सरस तापवायला, लाकूड धरायला आणि सूर ऐकायला आणखी माणसं हवी आहेत. ज्यांना यायचं असेल त्यांनी सचिवांकडे नाव द्यावं. वाजवता येत नसलं तरी चालेल.