ईश्वरवादाची नवी वकिली आणि म्हैसूरचे जुने आरोपपत्र

म्हैसूरच्या महाराजा कॉलेजात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक असताना सर्वपल्ली राधाकृष्णन यांनी १९२० मध्ये ‘द रेन ऑफ रिलिजन इन कंटेम्पररी फिलॉसफी’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातील आरोप मोठा रोखठोक होता. बर्गसाँ, विल्यम जेम्स, ऑयकेन प्रभृतींचा ईश्वरवाद हा त्यांच्या विचाराचा निष्कर्ष नसून श्रद्धेने विचारावर केलेले आक्रमण आहे. बुद्धीला आपल्या वाटेने जाऊ दिले, तर ती एका निरपेक्ष परमतत्त्वापाशीच पोहोचते.

१९९१ मध्ये फ्रान्सात दोमिनिक जानिको यांनी लेव्हिनास, मारियों इत्यादिकांवर जवळजवळ हाच आरोप ठेवला. जे जसे अनुभवास येते तेवढ्याचेच वर्णन करण्याचे व्रत घेतलेल्या फिनॉमिनॉलॉजीत त्यांनी धर्मशास्त्र मागील दाराने आणले, असे त्यांचे म्हणणे.

उत्तर-आधुनिक म्हणविल्या जाणाऱ्या या ईश्वरविचारात ज्याँ-ल्यूक मारियों यांची मांडणी सर्वांत तालेवार आहे. १९८२ च्या त्यांच्या ग्रंथात ईश्वर सिद्ध करण्याचा खटाटोपच नाही. आदिकारण, परमसत्ता या बुद्धीने आपल्या मापाने घडविलेल्या मूर्ती होत. नीत्शेने ज्याच्या मृत्यूची वार्ता दिली, तीही अशीच एक मूर्ती. ईश्वर ‘आहे’ असे म्हणणेही अपुरे, कारण तो सत्तेपलीकडील, स्वतःला देऊन टाकणारे प्रेम आहे. नास्तिकाला इतक्या उदारपणे जिंकू देऊन त्याचा विजयच निरर्थक ठरविणारा युक्तिवाद विरळा! तथापि ग्रंथाच्या उत्तरार्धात मारियों ख्रिस्तप्रसादाच्या वेदीपाशी येतात आणि पूर्णार्थाने धर्मशास्त्री तो बिशपच, असे सांगतात. सत्तेपलीकडील प्रेमापासून रोमन कॅथलिक वेदीपर्यंतची वाट कोणत्या तर्काने काढली, याचा उलगडा होत नाही. म्हैसूरचे आरोपपत्र येथे नेमके लागू पडते.

मात्र फिर्यादीची बाजूही निष्कलंक नाही. राधाकृष्णन यांची मोकळी सोडलेली बुद्धी अखेरच्या प्रकरणात उपनिषदांच्याच अंगणात विसावते, हा योगायोग खचित नव्हे.

मराठी वाचकास या ठिकाणी ‘अमृतानुभव’ आठवल्यावाचून राहणार नाही. सत्, चित्, आनंद ही पदे परतत्त्वाचे वर्णन करीत नाहीत, केवळ असत्, जड व दुःख यांचे निवारण करतात, हे त्याच्या पाचव्या प्रकरणातील प्रतिपादन मारियोंच्या फार निकटचे आहे. परंतु ज्ञानेश्वरांनी निवृत्तिनाथांचे स्तवन दुसऱ्याच प्रकरणात करून ठेवले आहे. आपण कोठे उभे राहून बोलत आहोत, हे ते शब्दांचे खंडन आरंभण्यापूर्वीच सांगतात. वेदी आणि उपनिषदे यांची गाठ मात्र वाचकाला पुष्कळ पुढे गेल्यावर पडते.