तांबड्या रेघेची भाषा

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने फेब्रुवारी 2016 मध्ये प्रतिजैविकांच्या गैरवापराविरुद्ध एक मोहीम काढली. गोळ्यांच्या पाकिटावर तांबडी उभी रेघ दिसली, तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून घेऊ नये, असा तिचा संदेश. अक्षरओळख नसलेल्यालाही कळावी अशी खूण, म्हणून कल्पना चांगलीच. पण नायगावसारख्या तालुक्यातल्या घरात ही खूण कशी वाचली जाईल, याचा विचार झालेला दिसत नाही.

सोयाबीन-कापसाच्या या पट्ट्यात शेतकऱ्याला रंगांची एक भाषा आधीच येते. कीटकनाशकाच्या डब्यावर तांबडा त्रिकोण म्हणजे सर्वांत जहाल. मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. गोळ्यांवरची तांबडी रेघ असा जहालपणा मोजत नाही. ती प्रतिजैविकावर असते, तशी रक्तदाबाच्या गोळीवरही असते. पहिली मनाने सुरू करायची नाही, दुसरी मनाने बंद करायची नाही. दोहोंना खूण एकच! 'बीपीची गोळी गरम पडते' म्हणून मध्येच सोडणाऱ्याला या रेघेने आणखी धाक घातला, तर दोष त्याच्या अडाणीपणाचा म्हणायचा काय?

भाषेचा प्रश्न आम्हाला याहून खटकतो. फवारणीच्या औषधासोबत (त्यालाही आपण औषधच म्हणतो) प्रादेशिक भाषेतले माहितीपत्रक देणे नियमाने बंधनकारक आहे. माणसाच्या गोळ्यांच्या पाकिटावर मराठीची सक्ती नाही; चिठ्ठीवाचून विकू नये ही ताकीद इंग्रजीतच असते. मग लोक वाचता येते तेच वाचतात : रंग, आकार, किंमत आणि कंपनीने दिलेले नाव. क्रोसिन, कालपोल, डोलो ही त्यांना तीन औषधे वाटतात. तिन्हींत पॅरासिटामॉलच आहे. ताप आणि अंगदुखीसाठी दोन नावांच्या गोळ्या घेतल्या आणि जोडीला सर्दीची मिश्र गोळी, तर प्रौढासाठी दिवसाची 4 ग्रॅमची कमाल मर्यादा नकळत ओलांडली जाऊ शकते, आणि त्याची झळ यकृताला बसते. 2018 च्या दुरुस्तीने औषधाचे मूळ नाव व्यापारी नावापेक्षा ठळक छापणे आले खरे. पण तीन-तीन औषधांच्या मिश्रणांना त्यातून सूट मिळाली. नेमकी तिथेच गरज अधिक होती.

आठवी-नववीच्या मुलांना घरातली रिकामी पाकिटे आणायला सांगावीत. ताप, सर्दी, अंगदुखी यांची पाकिटे शेजारी ठेवून पॅरासिटामॉल हा शब्द कितींवर सापडतो, ते मुलांनीच शोधावे. इंग्रजीचे शिक्षक सोबतीला घ्यावेत, आणि प्रयोगशाळेतले भिंगही. अक्षरे फार बारीक असतात.