‘सौम्य’ म्हणजे कशाच्या तुलनेत?

पेट पास होऊन सिनॉप्सिस लिहायला बसलात आणि त्यात ‘सौम्य’ असा शब्द वापरलात, तर गाईडचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: कशाच्या तुलनेत? आणि मोजलं कसं? हे दोन प्रश्न बाळाच्या कपड्यांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या डिटर्जंटच्या बाटलीला विचारून पाहू. ताई बाळंतपणाला तीर्थपुरीला, माहेरी आली आहे. बाजारात मी बाटली मागितली तर दुकानदार म्हणाले, “लहान लेकराचं स्पेशल हाय, एकदम माइल्ड.” किंमत नेहमीच्या पावडरीपेक्षा बरीच जास्त. घेतली. मामाचा जीव तो. घरी येऊन मात्र लेबल रिसर्च पेपर वाचतो तसं वाचलं, आणि ते पहिल्याच रिव्ह्यूत परत आलं असतं अशी खात्री पटली.

‘डर्मॅटॉलॉजिकली टेस्टेड’ घ्या. चाचणी झाली एवढंच यातून कळतं. किती जणांवर, लहान की मोठ्यांवर, किती दिवस आणि निकाल काय, यातलं काहीच नाही. उद्या तुम्ही ‘मी परीक्षा दिली’ म्हणालात तर घरचे पेढे वाटतील का?

‘हायपोअलर्जेनिक’ शब्दाचा इतिहास तर वाचण्यासारखा आहे. अमेरिकेच्या एफडीएने 1975 मध्ये सौंदर्यप्रसाधनांसाठी नियम केला: हा शब्द वापरायचा तर इतर उत्पादनांपेक्षा कमी त्रास होतो हे चाचणीने दाखवा. दोन कंपन्या कोर्टात गेल्या आणि 1977 मध्ये तो नियम रद्द झाला. तिथे आजही या शब्दाला कायदेशीर व्याख्या नाही. म्हणजे ‘कशाच्या तुलनेत’ हा प्रश्न एकदा सरकारने विचारून पाहिला होता, तो टिकला नाही.

‘पीएच न्यूट्रल’चं काय? बाटलीतला पीएच बाळाच्या अंगाला लागत नाही. झाकणभर लिक्विड बादलीभर पाण्यात जातं, कपडा दोनदा खळबळून निघतो, आणि शेवटी त्यावर राहतं ते मुख्यतः त्या शेवटच्या पाण्यातलं. चुकीच्या जागी बरोबर मोजमाप, हा आपल्या थिसिसांतलाही नेहमीचा दोष आहे.

आता दुसरी बाजू, कारण एकतर्फी लिहिलं तर मी आणि लेबल यात फरक उरणार नाही. डिटर्जंटची खरी अॅलर्जी किती जणांना असते? अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांचा 2002 मधला एक अभ्यास आहे, अनेक केंद्रांवर मिळून केलेला. 738 रुग्णांची डिटर्जंटसाठी पॅच टेस्ट केली. पॉझिटिव्ह निघाले पाच, म्हणजे 0.7 टक्के. म्हणजे पुरळ दिसलं की पावडरीला दोष देण्याची आपली सवय ढिली करायला हवी. पण थांबा. ही नवजात बाळं नव्हती, आणि पॅच टेस्ट अॅलर्जी शोधते; कपड्यात उरलेल्या डिटर्जंटने होणारी साधी जळजळ ही वेगळी गोष्ट. या आकड्यावरून ‘बाळाला कोणतीही पावडर चालते’ असं लिहिलंत तर तुम्हीही लेबलच लिहिलं.

आणि पुरळ स्वतःच किती फसवं असतं बघा. दिवस भरून जन्मलेल्या पुष्कळ बाळांना पहिल्या काही दिवसांत लालसर डाग आणि बारीक फोड येतात आणि औषधाशिवाय आठ-पंधरा दिवसांत जातात. पाचव्या दिवशी आजीने पावडर बदलली, दहाव्या दिवशी अंग साफ झालं, श्रेय पावडरीला. कंट्रोल ग्रुप नाही ना! (ताप असेल, पू भरलेले फोड असतील, बाळ दूध घेत नसेल, तर ही चर्चा सोडून सरळ डॉक्टरकडे.)

आमच्याकडे मला खरा व्हेरिएबल पाणी वाटत होतं. बोरच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, बादलीच्या काठाला पांढरं पुटं चढतं, हे मराठवाड्यात कुणाला सांगायला नको. शाळेतलं दुष्फेन पाणी ते हेच. त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी साबण जुळतो आणि न विरघळणारा चिकट साका तयार होतो. तो धाग्यात बसतो, दुपटं वाळल्यावर कडक लागतं. गंमत म्हणजे ‘पावडर कडक, वडी बरी’ म्हणून आपल्या आया लंगोट साबणाने धुतात, आणि अशा पाण्यात साका करतो तो साबणच, डिटर्जंट तेवढा नाही.

मग पाणी मऊ केलं तर त्वचा सुधारेल? मला तसंच वाटत होतं. पण इंग्लंडमध्ये हे करून पाहिलंय. दुष्फेन पाण्याच्या भागात राहणारी, इसब असलेली 336 मुलं. निम्म्यांच्या घरी 12 आठवड्यांसाठी पाणी मऊ करणारं यंत्र, आंघोळीलाही आणि कपड्यांनाही तेच पाणी. 2011 मध्ये निकाल छापला. कोणाच्या घरी यंत्र आहे हे माहीत नसलेल्या नर्सनी तपासलं तेव्हा दोन्ही गट जवळपास सारखेच सुधारलेले. पालकांनी, ज्यांना यंत्र दिसत होतं, त्यांनी मात्र थोडा फायदा नोंदवला. ब्लाइंडिंगचा धडा हजेरीपुरता ऐकला असेल तर हा पेपर काढून वाचा. माझं आवडतं गृहीतक असं गेलं. अर्थात ती इसबाची, सहा महिन्यांपुढची मुलं होती. निरोगी तान्ह्या बाळाबद्दल तो अभ्यास काही सांगत नाही.

एवढं वाचून मी ताईला म्हणालो, कोणतंही बिनवासाचं घे, थोडं घाल, एक पाणी जास्त काढ. ती म्हणाली, “टँकरचं पाणी आलं की सांग, काढते जास्तीचं.” हा खर्च माझ्या एकाही पेपरमध्ये नव्हता.

पण याच गडबडीत आईने ट्रंक उघडली. ताईच्या मुलासाठी जपून ठेवलेली झबली, कुंची, टोपडी, आणि घमघमणाऱ्या डांबरगोळ्या. बाटलीच्या लेबलावर तासभर घालवणाऱ्या मला इथे खडबडून जाग आली. गोळ्यांतलं नॅफ्थलीन वाफेतून श्वासात जातं. ज्या बाळांत जी-6-पीडी नावाच्या एन्झाइमची जन्मजात कमतरता असते, त्यांच्या तांबड्या पेशी त्याने फुटू शकतात आणि कावीळ मेंदूपर्यंत पोचू शकते. ग्रीसमधून 1963 मध्ये अशा 21 नवजात बाळांची नोंद छापली गेली. 12 जणांत ही कमतरता होती. दोन बाळं दगावली. अंगाला तेल असेल तर नॅफ्थलीन जास्त शोषलं जातं, अशी शंकाही जुन्या नोंदींत आहे. आणि आपल्याकडे मालीश रोजची.

पद्धत म्हणून पाहिलं तर हा अभ्यास कच्चा आहे: केस सिरीज, तुलनेचा गट नाही. इंग्लंडचा अभ्यास त्याच्यापुढे कितीतरी भक्कम. तरी मी इंग्लंडच्या निकालावर आठवडाभर विचार करीन आणि ग्रीसच्या नोंदीवर पाच मिनिटांत कृती करीन. इथे चुकलो तर जातो तो बाळाचा जीव, आणि गोळ्या काढून टाकायला एक रुपया लागत नाही. पुराव्याची पायरी वर-खाली लावताना हे दोन आकडे शेजारी लिहायची सवय मला कोणत्याही कोर्सवर्कने लावली नव्हती.

आई थोडी रागावली. “तुम्ही सगळे याच कपड्यांत वाढलात,” म्हणाली. सर्व्हायव्हरशिप बायस हा शब्द मी तिच्यापुढे काढला नाही. कपडे दोन दिवस उन्हात टाकले, मग धुतले, पुन्हा उन्हात. बाटली अजून अर्धी आहे. संपली की आणायची की नाही ते ताई बघेल.