प्रगत अध्ययनार्थी आणि आधुनिक इंग्रजी शब्दकोश : एक चिकित्सा

प्रास्ताविक

शब्दकोश म्हणजे अडलेल्या शब्दाचा अर्थ सांगणारा ग्रंथ, अशी आपल्या महाविद्यालयीन वर्गांतील सर्वसाधारण समजूत आहे. परंतु पदवी व पदव्युत्तर स्तरावरील विद्यार्थ्याची खरी अडचण वाचनापेक्षा लेखनात अधिक जाणवते. अर्थ ठाऊक असलेला शब्द वाक्यात कसा योजावा, हे त्याला उमगलेले नसते. आधुनिक अध्ययनार्थी-कोश मुख्यतः याच गरजेतून घडले. ते ही गरज कितपत भागवितात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कोशांची वाटचाल

जपानमध्ये इंग्रजीचे अध्यापन करणारे ए. एस. हॉर्नबी यांनी दोन सहकाऱ्यांसह सिद्ध केलेला कोश १९४२ मध्ये टोकियो येथे प्रसिद्ध झाला. १९४८ मध्ये ऑक्सफर्डने तो पुनर्मुद्रित केला. ‘ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी’चे मूळ ते हेच. क्रियापदामागून येणाऱ्या रचनांचे २५ आकृतिबंध मांडून हॉर्नबींनी शब्दार्थाला व्याकरणाची जोड दिली. १९७८ च्या लाँगमन कोशाने सुमारे २००० परिचित शब्दांतच व्याख्या देण्याचे बंधन स्वीकारले. १९८७ मध्ये जॉन सिंक्लेअर यांच्या संपादनाखाली बर्मिंगहॅम येथे सिद्ध झालेल्या ‘कोबिल्ड’ने संगणकावर साठविलेल्या प्रत्यक्ष भाषाव्यवहाराचा आधार घेतला आणि संपूर्ण वाक्यातून अर्थ सांगण्याची पद्धत रूढ केली. अशा व्याख्येत शब्दाचा अर्थ आणि त्याची नेहमीची संगत एकत्रच दिसते.

या वाटचालीत एक विसंगतीही होती. प्रारंभीच्या कोशांतील व्याकरणाची माहिती अक्षरे व अंक यांच्या गूढ संकेतांत बंदिस्त होती. ते संकेत उलगडण्यासाठी प्रस्तावना वाचावी लागे आणि ती क्वचितच वाचली जाई. पुढील आवृत्त्यांनी संकेत सोपे केले आणि उदाहरणवाक्यांना प्राधान्य दिले, हे योग्यच झाले.

मराठी अध्ययनार्थी आणि कोश

‘त्याने मला जायला सुचवले’ या मराठी वाक्याच्या वळणावर विद्यार्थी ‘ही सजेस्टेड मी टू गो’ असे लिहितो. ‘विषयावर चर्चा’ या रचनेमुळे ‘डिस्कस’पुढे ‘ऑन’ किंवा ‘अबाउट’ येते. मराठीत ‘सल्ला’चे ‘सल्ले’ होतात, म्हणून ‘ॲडव्हाइसेस’ लिहिले जाते. ‘चूक करणे’ आणि ‘काम करणे’ यांत मराठीला एकच क्रियापद पुरते. इंग्रजीत मात्र ‘मेक’ आणि ‘डू’ यांची निवड करावी लागते. या सर्व प्रश्नांची उत्तरे चांगल्या अध्ययनार्थी-कोशात आहेत. ‘सजेस्ट’ची रचना, ‘ॲडव्हाइस’चे अगणनीयत्व, ‘मिस्टेक’शी जुळणारे क्रियापद हे सारे त्या त्या नोंदीत सापडते. केवळ प्रतिशब्द देणारा द्वैभाषिक कोश येथे अपुरा पडतो.

मर्यादा

मात्र उत्तर उपलब्ध असणे आणि ते विद्यार्थ्यापर्यंत पोहोचणे या भिन्न गोष्टी आहेत. कोश शंका घेणाऱ्यालाच उत्तर देतो. ‘डिस्कस अबाउट’ लिहिणाऱ्याच्या मनात शंकाच उद्भवत नाही, कारण शब्द त्याच्या परिचयाचा असतो. म्हणून तो कोश उघडतच नाही. ज्या शब्दांत चूक होते ते बहुधा सोपे शब्द असतात आणि कोशात शोधले जातात ते कठीण. प्रगत अध्ययनार्थ्याच्या बाबतीत कोशाची उपयुक्तता नेमकी येथे खुंटते. शिवाय हे कोश जगभरच्या अध्ययनार्थ्यांसाठी रचलेले असल्याने प्रत्येक मातृभाषेचे वळण लक्षात घेऊन सूचना देणे त्यांना शक्य नाही.

माध्यम बदलले तरी ही उणीव भरून निघालेली नाही. प्रमुख अध्ययनार्थी-कोश आज आंतरजालावर विनामूल्य पाहता येतात. परंतु पडद्यावर पहिला अर्थ दिसताच शोध थांबण्याचा धोका असतो. या माध्यमाचे स्थैर्यही गृहीत धरता येत नाही. छापील आवृत्ती बंद करून केवळ आंतरजालावर राहिलेला मॅकमिलन कोश २०२३ मध्ये तेथूनही नाहीसा झाला. म्हणून एखाद्या विशिष्ट कोशाच्या परिचयापेक्षा कोणताही कोश वाचण्याची क्षमता महत्त्वाची ठरते.

समारोप

कोश आणि मराठी अध्ययनार्थी यांच्यातील दुवा प्राध्यापकच होऊ शकतो. उत्तरपत्रिकेतील चूक स्वतः दुरुस्त करण्याऐवजी तो शब्द अधोरेखित करून ‘नोंद पाहा’ एवढेच लिहिले, तर दुरुस्तीचे श्रम विद्यार्थ्याकडे जातात आणि परिचित शब्दाविषयी शंका घेण्याची सवय जडते. मराठीच्या वळणामुळे चुकणाऱ्या पन्नासेक शब्दांची यादी प्रत्येक इंग्रजी विभागाला आपल्या विद्यार्थ्यांच्या लेखनावरूनच तयार करता येईल. हॉर्नबींचा कोशही अध्यापनाच्या अनुभवातूनच आकाराला आला होता. कोशकारांनी उत्तरे सिद्ध करून ठेवली आहेत. विद्यार्थ्याच्या मनात प्रश्न निर्माण करण्याचे दायित्व अध्यापनाचे आहे.