टेम्पोत मावेल एवढं नाटक

मराठी नाटक जन्मलं राजाश्रयाने, पण जगलं दौऱ्यांवर. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत 'सीतास्वयंवर' केलं ते तिथले संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांच्या प्रोत्साहनाने. १८५१ मध्ये चिंतामणराव वारले, दरबारचा आधार सुटला आणि भाव्यांना मंडळी घेऊन मुलुखभर फिरावं लागलं. १८५३ मध्ये मुंबईच्या ग्रँट रोडवरच्या नाट्यगृहात त्यांचे खेळ झाले. पुढच्या काळातल्या किर्लोस्कर, गंधर्व, ललितकलादर्श या कंपन्या तर बिऱ्हाडासकट फिरल्या. आचारी, पडदे, पेटारे, साजिंदे सगळं बरोबर. गावोगावी मुक्काम पडे आणि नवं नाटक बसे तेही मुक्कामातच. त्यांना घरची तालीम आणि परगावचा प्रयोग असा भेद फारसा माहीत नव्हता.

आजच्या प्रायोगिक नाटकाला तो भेद चांगलाच जाचतो. पुण्या-मुंबईतला चार-सहा जणांचा संच नोकऱ्या सांभाळून संध्याकाळी सात ते दहा तालीम करतो, दोन-तीन महिन्यांत नाटक उभं राहतं, शहरात पाच-सात प्रयोग होतात. मग सांगली, नाशिक, नांदेड किंवा पणजीहून बोलावणं येतं. टेम्पो ठरतो, जेवणाची सोय विचारली जाते आणि नाटक 'नेलं' जातं. कपडे, ठोकळे, लॅपटॉप सगळं मुक्कामी पोचतं. शहरात जो प्रयोग रंगत होता तो मात्र बहुतेक वेळा पोचत नाही. गेली काही वर्षं आपण प्रायोगिक रंगभूमीच्या संहितांविषयी, अनुदानांविषयी, प्रेक्षकांविषयी भरपूर बोललो. परगावी पोचल्यापासून तिसऱ्या घंटेपर्यंतच्या वेळेविषयी कोणी बोलत नाही. माझ्या मते छोट्या नाटकाचं आजचं सर्वांत कच्चं अंग तेच आहे.

कारण छोटं नाटक त्याच्या खोलीत घडतं. विजया मेहता, विजय तेंडुलकर आदींच्या 'रंगायन'नंतर अरविंद आणि सुलभा देशपांडे, अरुण काकडे यांनी १९७१ मध्ये 'आविष्कार' ही नाट्यसंस्था सुरू केली आणि १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात प्रयोग होऊ लागले. त्या जागेत सोयी जवळपास नव्हत्या. पण नट आणि प्रेक्षक यांच्यात हात पुढे केला तर पोचेल एवढंच अंतर होतं, आणि त्या अंतराने एका पिढीचा अभिनय बदलला. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला छबिलदास सुटलं, 'आविष्कार' माहीमच्या पालिका शाळेत गेली. पुण्यात सुदर्शन रंगमंच आणि अलीकडे 'द बॉक्स' यांनी तशीच जवळीक जपली आहे. अशा जागांत बसवलेलं नाटक कुजबुजीवर, डोळ्यांच्या हालचालीवर, ग्लास टेबलावर ठेवण्याच्या आवाजावर उभं असतं.

हे नाटक तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी जातं तेव्हा काय होतं ते जरा जवळून पाहावं. दुपारी साडेबाराला टेम्पो नाट्यगृहाच्या मागच्या दाराशी लागतो. आत एका शाळेचं स्नेहसंमेलन चालू असतं, ते दोनला संपतं. मागच्या पडद्यावर फुगे आणि सोनेरी अक्षरं तशीच असतात. रंगमंच हाती येतो तेव्हा प्रयोगाला जेमतेम चार तास उरलेले असतात. प्रकाशयोजना करणारा आधी वर बघतो. बारवर दिवे टांगलेले दिसतात, त्यांतले लागतात किती ते पेटवून बघितल्याशिवाय कळत नाही. तालमीत त्याने एका खुर्चीवर सरळ वरून पडणारा स्पॉट ठरवलेला असतो. इथे मधला बार चार फूट मागे आहे, शिडी एकच आहे आणि ती धरायला माणूस शोधावा लागतो. शेवटी दिव्याऐवजी खुर्चीच मागे जाते. खुर्ची मागे गेली की नटीची तीन पावलं वाढतात. पावलं वाढली की वाक्यातली थांबायची जागा हलते. ती हलली की समोरच्या नटाला उत्तर देण्याआधी मिळणारा श्वास जातो. साडेचारला चहा येतो, पाचला संयोजक 'एवढं दीपप्रज्वलन आणि दोन सत्कार' आहेत असं हळूच सांगतात. रंगीत तालीम होतच नाही. सुरुवात, मध्यंतराआधीचा प्रवेश आणि शेवट एवढ्यावरून हात फिरवून घेतला जातो. साडेसहाला आठशे खुर्च्यांच्या सभागृहात दीडशे माणसं पांगून बसतात. पहिल्याच कुजबुजीच्या प्रवेशाला मागून हाक येते, 'आवाज!' मग नट आवाज चढवतो आणि दोन महिने ज्या नेमक्या स्वरासाठी घासाघीस केली तो त्या संध्याकाळपुरता हरवतो.

प्रेक्षक दुसऱ्या दिवशी म्हणतात, नाटक बरं होतं, पण पुण्याच्या पेपरात वाचलं तसं काही वाटलं नाही. त्यांचं बरोबर असतं. त्यांनी पाहिलेलं नाटक ते नव्हतंच.

ज्या परंपरा रोज नव्या गावी खेळतात त्यांनी हा प्रश्न आपापल्या परीने सोडवला आहे. दशावतारी मंडळी पेटारा उचलून आज या जत्रेत तर उद्या त्या जत्रेत उभी राहतात. देवळापुढची जागा आणि एक बाक एवढ्यावर आख्यान रंगतं. संहिता लिखित नसते, त्यामुळे जागेप्रमाणे लांबी-रुंदी नटाच्या हातात राहते. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया भागातल्या झाडीपट्टी रंगभूमीचा कारभार तर आणखी शिस्तीचा आहे. देसाईगंज म्हणजे वडसा हे कंपन्यांचं ठाणं. दिवाळीनंतर हंगाम सुरू होतो, गावातलं मंडळ नाटक ठरवतं, मंडप घालतं, तिकिटं विकतं. रात्री उशिरा सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत चालतं. गाव बदललं तरी मंडपाची रचना, वरून सोडलेले माइक, पडद्यांची जागा जवळपास तीच. नट पाठोपाठच्या रात्री वेगळ्या गावांत उभा राहतो, पण रंगमंच त्याच्या पायाखालचा असतो. या रंगभूमीवरचे परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा शहरी नाट्यवर्तुळात अनेकांना हे नाव नवं होतं. झाडीपट्टीतल्या नाटकांत ठोकळेबाजपणा आहे, तालमी अपुऱ्या असतात, प्रॉम्प्टरवर भिस्त असते, हे सगळं मान्य. पण परगावी उभं कसं राहावं हे तिथला नवशिक्या नटही जाणतो.

व्यावसायिक नाटकाने दुसरी वाट धरली: आपला रंगमंचच बरोबर न्यायचा. १९६२ मध्ये 'तो मी नव्हेच' फिरत्या रंगमंचासह आलं आणि त्याचा पहिला प्रयोग दिल्लीत झाला, हे आजच्या निर्मात्याला सांगितलं तर त्याला घाम फुटेल. त्याच्या उलट टोकाला 'घाशीराम कोतवाल'. १९७२ सालच्या या नाटकात जब्बार पटेलांनी माणसांचाच पडदा उभा केला. संच प्रचंड मोठा, पण नेपथ्य नटांच्या अंगात. १९८० मध्ये वाद, विरोध आणि कोर्टकचेऱ्या पार करून नाटक युरोपात गेलं तेव्हा जर्मन रंगमंचावर भिंत कुठे ठोकायची हा प्रश्नच नव्हता. नाटकातल्या ब्राह्मणांची रांग वळली की जागा तयार. प्रवासी नाटकाच्या दिग्दर्शनाचा याहून स्पष्ट धडा आपल्याकडे नाही, आणि तो आपण संगीत-नृत्याच्या कौतुकाखाली विसरलो.

स्पर्धांनी काय दिलं? राज्य नाट्यस्पर्धेमुळे शेकडो हौशी संघ आपल्या गावाबाहेरच्या रंगमंचावर उभे राहिले. १९६३ पासून चालत आलेल्या पुरुषोत्तम करंडकाने नेपथ्य-प्रकाशाच्या डामडौलापेक्षा संहिता आणि अभिनय यांना मान दिला, त्यामुळे महाविद्यालयीन मुलं हलक्या सामानात नाटक करायला शिकली. पण स्पर्धेतला प्रयोग एकदाच होतो. ठरलेल्या मिनिटांत सेट लावायचा, सादर करायचं, उतरवायचं, निकालाची वाट बघायची. नंबर आला नाही तर नाटक तिथेच संपतं. एका जागेत चुकलेलं दुसऱ्या जागेत सुधारण्याची सवय त्यातून लागत नाही, आणि दौरा म्हणजे तीच सवय.

खरी उमेद वाटते ती तालमीच परगावी नेणाऱ्यांकडे बघून. मकरंद साठे यांचं 'दलपतसिंग येती गावा' हे माहिती अधिकाराच्या लढ्यावरचं नाटक अतुल पेठे यांनी जालना जिल्ह्यातल्या जांबसमर्थच्या गावकऱ्यांना घेऊन उभं केलं. पुण्याचा दिग्दर्शक गावात गेला आणि नाटकाची भाषा, चाल, हशा सगळं तिथलं झालं. याच गावच्या राजकुमार तांगडे यांनी लिहिलेलं, नंदू माधव यांनी दिग्दर्शित केलेलं 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' २०१२ मध्ये आलं आणि प्रवासाची दिशा उलटली. शेती करणारे नट मुंबई-पुण्याच्या नाट्यगृहांत उभे राहिले. ते तिथे बुजले नाहीत. कारण त्यांचं नाटक शाहिरीच्या मोकळ्या अंगावर रचलेलं होतं, समोर हजार माणसं असोत की शंभर.

शेजारच्या कर्नाटकात हे व्यवस्थेने होतं. शिवमोग्गा जिल्ह्यातल्या हेग्गोडू या खेड्यात के. व्ही. सुब्बण्णांच्या 'नीनासम' या नाट्यसंस्थेने १९८५ मध्ये 'तिरुगाट' हा फिरता संच सुरू केला. दर वर्षी संच गावात राहून नाटकं बसवतो आणि मग राज्यभर फिरतो. तालीम करतानाच दिग्दर्शकाला ठाऊक असतं की हे नाटक शाळेच्या पटांगणात आणि तालुक्याच्या हॉलमध्ये लागणार आहे. आपल्याकडे पुण्याच्या थिएटर अकादमीने १९८५ ते १९९४ या काळात फोर्ड फाउंडेशनच्या मदतीने नाटककारांसाठी आणि प्रादेशिक नाट्यसंस्थांच्या विकासासाठी योजना राबवली. तिच्या तोडीची योजना मराठीत पुन्हा उभी राहिली नाही. साहित्य संमेलन, नाट्य संमेलन यांच्या मांडवांवर होणारा खर्च पाहिला की पैसा नाही ही सबब पटत नाही.

आता एक कडवट निरीक्षण. परगावच्या या अडचणींनी नाटकाचा आकारच ठरवायला सुरुवात केली आहे. दोन नट, दोन खुर्च्या, एक लॅपटॉप. एका मोटारीत सगळं मावतं, नाइट, म्हणजे प्रयोगाचं मानधन, द्यायची ती दोघांचीच. यातली काही नाटकं विषयाच्या गरजेने लहान आहेत आणि ती उत्तम आहेत. पण बरीचशी टेम्पोच्या भाड्यामुळे लहान आहेत. पाच पात्रांचा संघर्ष एकाच नटाच्या निवेदनात कोंबलेला असतो आणि त्याला आपण 'मिनिमल' म्हणतो. त्याच्याही पुढची पायरी म्हणजे अभिवाचन. माइक, स्टँड, संहिता आणि थोडं संगीत. तालीम कमी, तांत्रिक कटकट शून्य. अभिवाचन ही स्वतंत्र कला आहे, तिचा मान तिला द्यावा. मात्र गावोगावी नाटकाच्या जागी अभिवाचन बसू लागलं, तर तिथल्या तरुण प्रेक्षकाला नटाचं शरीर काय करू शकतं हे कधी दिसणारच नाही.

नाट्यगृहांची स्थिती तर जगजाहीर आहे. कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह, शाहू महाराजांच्या काळातलं १९१५ सालचं पॅलेस थिएटर, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं आणि सगळा महाराष्ट्र हळहळला. हळहळ योग्यच होती. पण ठिकठिकाणची नगरपालिकेची नाट्यगृहं न जळताही बंद पडतात: गळकं छत, बिघडलेले डिमर, तुंबलेली स्वच्छतागृहं. नवी बांधली जातात तीही हजार खुर्च्यांच्या हिशेबाने, कारण उद्घाटनाला आणि मेळाव्याला तेवढ्या लागतात. दीडशे माणसांचं छोटं, काळ्या भिंतींचं दालन त्या आराखड्यात क्वचितच असतं. तालमीची खोली तर नसतेच. याला अपवाद उभे करतात ती चिकाटीची माणसं. कणकवलीचं वसंतराव आचरेकर सांस्कृतिक प्रतिष्ठान वर्षानुवर्षं नाट्यमहोत्सव भरवत आलं आहे, आणि नाटकावर प्रेम करणारं यजमान गाव म्हणजे काय हे तिथे जाणारा नट शिकतो.

तेव्हा मागणी मोठी नाही. संस्थांनी नाटक बसवतानाच ते तीन वेगवेगळ्या मापांच्या जागांत तपासावं, आणि शेवटचा आठवडा तरी आपल्या नेहमीच्या खोलीबाहेर तालीम करावी. पालिकांनी नव्या नाट्यगृहाच्या आराखड्यात एक छोटं दालन सक्तीचं करावं; ते होईपर्यंत संध्याकाळी रिकाम्या पडणाऱ्या शाळांचे हॉल नाममात्र भाड्याने द्यावेत. छबिलदास शाळेतच होतं. यजमान संस्थांनी दोन सत्कार कमी करून संचाला आदल्या संध्याकाळपासून रंगमंच द्यावा. बाहेरगावच्या संचाला आठवडाभर ठेवून घेता आलं, त्याने तिथल्या मुलांबरोबर काम करून मग प्रयोग केला, तर फारच उत्तम. आणि समीक्षकांनी, माझ्यासकट, नाटकाचा लेखाजोखा शहरातल्या पहिल्या प्रयोगावरून मांडणं थांबवून ते परगावी दहाव्यांदा लागेल तेव्हा जाऊन बघावं. तुमच्या गावात एखादं छोटं नाटक येणार असेल तर तिकीट काढाच, पण संयोजकांना एक प्रश्नही विचारा: कलाकारांना रंगमंच किती वाजता मिळणार आहे? उत्तर 'दुपारी दोनला' असं आलं, तर तक्रार करा.