संसर्गरोधक औषधांतील रेणवीय कायरॅलिटी : एक चिकित्सक परामर्श

पदवी स्तरावर कायरॅलिटी शिकविताना बहुधा थॅलिडोमाइडचा दाखला दिला जातो : एक प्रतिबिंबरूप उपकारक, दुसरे घातक, म्हणून एकरूप औषध निर्दोष आणि रेसिमिक मिश्रण सदोष. हे समीकरण तपासून पाहणे आवश्यक आहे. मुळात थॅलिडोमाइडची दोन्ही रूपे शरीरात परस्परांत परिवर्तित होतात. त्यामुळे एकच रूप दिल्याने धोका टळत नाही.

वडसा (देसाईगंज) ज्या गडचिरोली जिल्ह्यात येते, तो महाराष्ट्रातील हिवतापग्रस्त जिल्ह्यांत अग्रस्थानी राहिला आहे. तेथील परिचित औषधे या प्रश्नावर अधिक प्रकाश टाकतात. व्हायव्हॅक्स हिवतापात तीन दिवस क्लोरोक्विन व चौदा दिवस प्रायमाक्विन देतात. ही दोन्ही औषधे रेसिमिक असूनही उपयुक्त ठरली आहेत. मात्र प्रायमाक्विनच्या दोन रूपांचे शरीरातील रूपांतर सारखे नसते, हेही ध्यानात घ्यावे लागते. फाल्सिपॅरम हिवतापात वापरले जाणारे आर्टेसुनेट हे वनस्पतिजन्य आर्टेमिसिनिनपासून तयार होते; येथे एकच त्रिमितीय रूप निसर्गाने घडविलेले असते. क्विनीन व क्विनिडीन यांना अनेकदा परस्परांची आरसाप्रतिमा मानले जाते, तेही अचूक नाही. त्यांच्यातील काही कायरल केंद्रांची रचना विरुद्ध, तर काहींची समान असल्याने ते डायास्टिरिओमर ठरतात.

जीवाणुजन्य रोगांतही एकच नियम लागू पडत नाही. रेसिमिक ऑफ्लॉक्सॅसिनची जीवाणुरोधक क्षमता प्रामुख्याने त्याच्या वामवर्ती रूपात असते; लेव्होफ्लॉक्सॅसिन या स्वतंत्र औषधाचे समर्थन त्यामुळे होऊ शकते. याउलट, क्षयरोगावरील एथॅमब्युटॉल एकरूप स्वरूपातच दिले जाते, तरीही ते दृष्टिचेतेला बाधा पोहोचवू शकते. दृष्टिदोषाचे खापर केवळ प्रतिरूपावर फोडणारे विवेचन म्हणूनच दिशाभूल करणारे आहे. त्यातून एकरूप औषध घेणाऱ्या रुग्णाच्या दृष्टितपासणीकडे दुर्लक्ष होण्याची भीती संभवते.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९२ मध्ये जाहीर केलेल्या धोरणातही रेसिमिक औषधांवर सरसकट बंदी नव्हती. प्रत्येक रूपाचे गुणधर्म जाणून घेण्यावर भर होता.

सारांश, कायरॅलिटी हा औषधाच्या गुणवत्तेचा शिक्का नसून चौकशीचा प्रारंभबिंदू होय. परिणामकारकता, विषाक्तता, शरीरातील रूपांतर आणि किंमत यांचा रेणुनिहाय विचार अध्यापनात आला, तर हिवतापग्रस्त भागातील विद्यार्थ्याला हा विषय पाठ्यपुस्तकापुरता न राहता आपल्या घरच्या औषधाशी जोडता येईल.