खंडनासाठी पाली

१८१४ साली वेस्लियन मिशनचे धर्मोपदेशक श्रीलंकेत उतरले. त्यांचा विस्तार केवळ राजाश्रयाने झाला, हे मत आम्हांस अपुरे वाटते. शाळा व छापखाना यांच्या जोडीला त्यांनी पालीचे अध्ययन केले. बेंजामिन क्लफ यांचे पाली व्याकरण १८२४ साली कोलंबोत छापले गेले. हेतू मात्र धम्माच्या खंडनाचा होता. म्हणूनच स्पेन्स हार्डी यांचा १८५३ चा बौद्ध धर्मविषयक ग्रंथ माहितीने संपन्न, पण निष्कर्षात पूर्वग्रहदूषित आहे. १८७३ साली पानदुरा येथील जाहीर वादात भदंत गुणानंद यांनी मिशनऱ्यांना निरुत्तर केले, ते बायबलचा अभ्यास करूनच. बाबासाहेबांनीही पाली शब्दकोशासाठी श्रम घेतले. विरोधकांनी त्रिपिटक अभ्यासावे आणि आपण ते केवळ वंदनेपुरते ठेवावे, हे धम्मास शोभणारे नाही.